बाकावरचा माणूस

प्यो डॉक्टरबाईंच्या पत्राला ग्वाक हाकसू मास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं तेव्हा अंगणातल्या पर्सिमनच्या झाडाला नुकती पालवी फुटत होती. आता फांद्या फळांनी वाकल्या होत्या, चुसॉकचा, पितरांना पुजायचा सुगीचा सण दारात आला होता, आणि सोबत आलेलं तिकीट लावलेलं पाकीट अजून कोरंच होतं.

आयुष्यभर आनदोंगच्या शाळेत चिनी अक्षरं शिकवलेला माणूस. गावातली निम्मी लग्नपत्रं आणि थडग्यांवरचे लेख त्यांच्या हातचे. अशा माणसाला एका पत्राचं उत्तर जमू नये, हे त्यांचं त्यांनाच नवल वाटायचं. नवल कसलं, लाजच.

पत्र त्यांना पाठ होतं. देगू शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरबाई नव्याच आल्या होत्या. अक्षर घाईचं, पण स्वच्छ. त्यांनी लिहिलं होतं:

'ग्वाक मास्तर, तुम्ही माझ्या खोलीत येता ते ताठ चालत येता. कसं आहे विचारलं की तुमचे चिरंजीव "आपल्या कृपेनं उत्तम" असं सांगतात, तुम्ही मान हलवता आणि मी तीच औषधं पुन्हा लिहून देते. मागच्या खेपेस तुम्ही गेल्यावर बऱ्याच वेळानं मी जेवायला बाहेर पडले, तर तुम्ही अजून वऱ्हांड्यातल्या बाकावरच होतात. तुम्हाला उठता येत नव्हतं. काकू तुमच्या पायावर हात ठेवून "एक, दोन" म्हणत होत्या. यातला माझा पेशंट कोणता? खोलीत येतो त्याला मी ओळखते. बाकावरच्या माणसाबद्दल मला लिहा. खोलीत प्रत्येकाला द्यायला माझ्याकडे वेळ फार थोडा असतो. पत्र मात्र मी सावकाश वाचू शकते.'

मास्तर लिहायला बसले नव्हते असं नाही. पुष्कळदा बसले. पण ऋतूची विचारपूस केल्याशिवाय पत्र सुरू करणं म्हणजे चपलांसकट माजघरात शिरणं. म्हणून आधी वारा, धुकं, शेतातलं भात. मग डॉक्टरबाईंच्या प्रकृतीची चौकशी. मग त्यांच्या विद्येची थोरवी आणि आपलं ऋण. तोवर हात आखडायचा, अक्षरं ओळीगणिक बारीक होत मोहरीच्या दाण्यांएवढी व्हायची, आणि पत्र आजारापर्यंत पोचायच्या आतच संपायचं. कंपवातात अक्षर असंच आटत जातं, हे त्यांना पुस्तकात वाचून ठाऊक होतं. पण स्वतःच्या हाताखाली ते घडताना बघणं निराळं. ते कागदाची घडी करून चुलीत टाकायचे.

चुसॉकच्या सकाळी ओकसॉनबाईंनी नवऱ्याची दाढी करून दिली, कोटाची बटणं लावली आणि घड्याळाकडे डोळा ठेवून गोळी पुढे केली. या कामात त्यांचा हातखंडा होता. हॉस्पिटलात जायच्या दिवशी नेहमीची वेळ टाळून, बस देगूच्या वेशीत शिरली की त्या गोळी द्यायच्या. मग नावाचा पुकारा होईपर्यंत मास्तरांचे पाय मोकळे व्हायचे आणि ते नवरदेवासारखे आत जायचे. आजही त्यांनी पूजेच्या वेळेचा हिशेब धरला होता.

हिशेब चुकला तो मानसूमुळे. मास्तरांचा हा धाकटा भाऊ पर्सिमनच्या बागेच्या वाटणीवरून रुसून देगूला गेला, तो यंदा पहिल्यांदाच सणाला येत होता. आणि सगळा देश जसा त्या दिवशी हमरस्त्यावर अडकतो, तसा तोही अडकला.

"करून टाकू या बाबा," मुलगा दोंगशिक म्हणाला. "सूप निवायला लागलंय."

"मानसू येऊ दे."

"अहो, पण..." ओकसॉनबाईंनी घड्याळाकडे बघितलं.

"तो आल्याशिवाय नाही," मास्तर म्हणाले. ते सहसा इतकं ठाम बोलत नसत, त्यामुळे कुणी वाद घातला नाही.

मानसू आला तो भेटीची नाशपत्यांची पेटी दारातच ठेवून घाईघाईनं रांगेत उभा राहिला. पितरांच्या नावांचे कागद बघून म्हणाला, "हे काय? छापलेले? दादा, तू नाही लिहिलेस?"

"यंदा मी छापून आणले, काका," दोंगशिकनं हळूच सांगितलं.

मास्तर चटईकडे वळले. त्यांनी गुडघे टेकले, हात टेकले, कपाळ चटईला लावलं. मागे मानसू आणि दोंगशिक, त्यांच्या मागे बहीण मालसुन आणि सून हेरिम. सगळे एकदम वाकले, एकदम उठले. मग दुसरा नमस्कार.

कपाळ चटईला टेकलं आणि तिथंच राहिलं.

मास्तरांना चटईची वीण अगदी जवळून दिसत होती. त्यांनी पायांना उठायला सांगितलं. पाय ऐकत होते की नाही कोण जाणे. निरोप वाटेतच कुठं तरी हरवत होता. आणि घरच्या रीतीप्रमाणे थोरल्यानं डोकं उचलल्याशिवाय बाकीच्यांनी उचलायचं नाही. म्हणून ग्वाकांचं सगळं घर कपाळं टेकून तसंच राहिलं. पुढे थाटात मांडलेला ऑक्टोपस, खारवलेला मासा, भाताच्या केकांचा डोंगर, आणि मागे ही पाठींची ओळ.

"दादा," मानसू जमिनीशीच कुजबुजला, "आई वरून तुझ्याशी काय एवढं बोलतेय? माझ्यावर रागावलीय का, उशीर झाला म्हणून?"

"तिला काय विषयांना तोटा आहे?" मालसुनचा आवाज मागून आला. "बागेपासून सुरुवात केली असेल."

"आत्या!" दोंगशिकनं दटावलं.

"माझा गुडघा बोलतोय बाबा, मी नाही."

हेरिमला हसू फुटलं आणि तिनं ते चटईत दाबलं. मग हसू थांबलं, कारण कुणीच उठत नव्हतं. स्वयंपाकघरातून ओकसॉनबाई पदराला हात पुसावेत तसे एप्रनला पुसत आल्या, नवऱ्याजवळ बसल्या, त्यांच्या पायावर तळवा ठेवला आणि अगदी हलक्या, रोजच्या आवाजात म्हणाल्या, "एक. दोन. एक. दोन."

मास्तर उठले. त्यांच्या कपाळावर चटईची वीण उमटली होती.

जेवायला बसल्यावर मानसूनं मक्कॉलीची, तांदळाच्या दारूची, वाटी दोन्ही हातांनी भावापुढे धरली आणि मग तोंड उघडलं. हा विषय येणार हे मास्तरांना ठाऊक होतं.

"वहिनी, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. देगूला माझ्या घराजवळ वृद्धांचं शुश्रूषा-हॉस्पिटल आहे. अगदी स्वच्छ. मी बघून आलोय. दादाला खोली लगेच मिळेल. खिडकीतून डोंगर दिसतो."

"डोंगर इथूनही दिसतो, भावजी."

"इथं पडला तर उचलणार कोण? तुम्ही? स्वतःकडे बघा जरा. दोंगशिक, तू सांग."

दोंगशिकनं आईकडे बघितलं, मग ताटाकडे. "मलाही कधीकधी तसंच वाटतं, काका. पण कळत नाही. डॉक्टरबाई तर म्हणतात, उत्तम चाललंय. मी स्वतः असतो ना तिथं."

"त्या म्हणत नाहीत," हेरिम म्हणाली. "तुम्ही म्हणता. त्या फक्त मान डोलावतात."

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

"बोलता असं नाही. पण बाबा नेमके तेवढाच वेळ बरे असतात. परत येताना बसमध्ये चढवायला ड्रायव्हरला खाली उतरावं लागलं होतं, ते सांगितलंत का कधी डॉक्टरांना?"

"असं कसं नेमकं तेवढाच वेळ बरं असतं?" मालसुननं विचारलं. तिचे कान तिखट होते. ती वहिनीकडे वळली. "वहिनी?"

ओकसॉनबाई सोयाबीनच्या कोंबांची भाजी उगाच नीट करत होत्या. "गोळी," त्या शेवटी म्हणाल्या. "गोळीची वेळ मी साधते."

"म्हणजे डॉक्टरला फसवता?"

"फसवते कसली, वन्सं! धडपडत नेऊ काय त्यांना? गळक्या तोंडानं? एवढा शिकलेला माणूस! त्या बाईला वाटेल, बायको बघत नाही."

"आणि औषध लागू पडत नाही हे तिला कळणार कसं? स्वप्नात?"

"तुमच्या काढ्याचं तरी कुठं सांगितलंय मी? महिनोन् महिने ते काळं पाणी पाजतेय, तुम्ही म्हणालात डॉक्टरला सांगू नका, रागावते, म्हणून गप्प!"

मालसुनची चॉपस्टिक हवेतच राहिली. मानसूनं हसू लपवायला वाटी तोंडाला लावली.

मास्तर ऐकत होते. आपल्यावरून चाललेलं भांडण ऐकताना आपण दुसऱ्याच कुणाच्या घरी पाहुणे आहोत, असं त्यांना नेहमी वाटायचं. बोलायला हवं होतं. पण शब्द ओठांपर्यंत यायला वेळ लागायचा, तोवर विषय पुढे गेलेला असायचा. आज ते थांबले, आणि विषय पुढे गेला तरी मागचंच बोलले.

"तिचा दोष नाही. गोळी मीच मागतो."

सगळे वळले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की हेरिमनं पंखा बंद केला.

"डॉक्टरांनी औषध द्यायचं आणि आपण त्यांच्यासमोर जाऊन वाईट दिसायचं... ते मला बरं वाटत नाही. त्यांनी दिलेल्या गोष्टीला नाव ठेवल्यासारखं होतं. कुणाकडे जेवायला जावं आणि मीठ कमी म्हणावं, तसं." ते थांबले. "शाळेतली मुलं 'समजलं' म्हणायची. समजलेलं नसायचं. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणायची. मला ते कळायचं, पण मी पुढचा धडा घ्यायचो."

 ओकसॉनबाई सूप गरम करायला म्हणून उठल्या आणि मोठा ट्रे त्यांनी एकाच हातानं, कमरेला टेकवून उचलला. मालसुन ते बघत राहिली. या दोघींचं तीस-चाळीस वर्षांत एका भांड्यावर एकमत झालं नव्हतं.

"वहिनी, ट्रे ठेवा."

"का?"

"ठेवा आधी. उजवा हात वर करा. डोक्याच्या वर."

"काहीतरीच काय!"

"करा म्हणते ना."

ओकसॉनबाईंचा हात खांद्यापर्यंत आला आणि अडकला. त्या हसून तो खाली घेऊ लागल्या. "म्हातारपण, दुसरं काय!"

"रात्री दादाची कूस कोण बदलतं?"

ओकसॉनबाईंनी ट्रे पुन्हा उचलला. मालसुन वहिनीच्या हातातला ट्रे काढून घेऊन मानसूकडे वळली. "आणि तू काय डोंगराच्या खिडक्या दाखवतोस? आधी त्या डॉक्टरणीला खरं कळू दे. तिला काही करता येतंय का बघू. मग तुझी खिडकी."

"अगं, मघाशी तूच वहिनींना..."

"मघाशी मघाशी होतं!"

मानसूनं आश्रयासाठी पुतण्याकडे बघितलं. पण दोंगशिक आईच्या खांद्याकडे बघत होता. "आई, मला का नाही सांगितलंस?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. ओकसॉनबाईही पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "तुझ्या कामाचा खोळंबा झाला असता."

तेव्हा मास्तरांनी कोटाच्या आतल्या खिशाकडे हात नेला. हात वाटेत थरथरला, बटणाशी अडखळला. हेरिम मदतीला वाकली, पण त्यांनी मान हलवली. पत्र बाहेर आलं.

"त्यांनीच विचारलंय," ते म्हणाले. "वसंतातच."

दोंगशिकनं ते मोठ्यानं वाचलं. 'आपल्या कृपेनं उत्तम' या ठिकाणी तो अडला, त्याचे कान लाल झाले, पण त्यानं ते वाक्य गाळलं नाही. बाकाच्या ओळीला ओकसॉनबाईंनी तोंड फिरवलं.

"बघत होती म्हणजे," त्या म्हणाल्या. "माझं ते एक-दोन ऐकलं तिनं." आणि जरा वेळानं, "चांगली आहे पोरगी."

मग जे झालं ते ग्वाकांच्या घरात नेहमी होतं तसंच झालं. पत्र एकाचं आणि सांगणारे सगळे.

"लिहा, आपल्या पत्रानं धन्य झालो," दोंगशिक म्हणाला.

"उशिराबद्दल क्षमा माग आधी. अर्धं पान तरी," मानसू म्हणाला.

"सणाच्या शुभेच्छा राहिल्या," मालसुन म्हणाली. "आणि काढ्याचं लिहायचं तर माझं नाव नको."

"मी फोनवर टाइप करू का बाबा?" हेरिमनं विचारलं. "तुम्ही सांगा, मी लिहिते. छान छापून देते."

मास्तरांना मोह पडला. छापलेलं पत्र नीटनेटकं दिसलं असतं. त्यात थरथर नसती. तेही नवरदेवासारखंच आत गेलं असतं.

"नको," ते म्हणाले. "हातानंच लिहितो. त्यांना अक्षर बघू दे."

ताटं बाजूला झाली. कागद आला. गोळीचा असर केव्हाच ओसरला होता आणि पुढची गोळी दुपारी होती. ओकसॉनबाईंचा हात सवयीनं डबीकडे गेला, तर मास्तरांनी डोळ्यांनीच थांबवलं. पेन टेकलं. वारा, धुकं, पिकलेलं भात, सगळं दाटीवाटीनं टोकाशी येऊन उभं राहिलं. इतक्या वर्षांची सवय ती. त्यांनी त्या सगळ्याला मनातल्या मनात नमस्कार केला आणि ओलांडून गेले.

'डॉक्टरबाई, मी बाकावरचा माणूस आहे,' त्यांनी लिहिलं.

पहिल्या ओळीची अक्षरं मोठी होती. त्यात त्यांनी सर्वांत जड ते घातलं: आज पितरांना नमस्कार करताना मला उठता आलं नाही. मग गोळीची वेळ साधण्याचं. मग हॉस्पिटलात येतो तो माणूस दिवसातून थोडाच वेळ घरी असतो, हे. तिसऱ्या ओळीपासून अक्षरं बारीक होऊ लागली.

"रात्रीचं तू सांग," ते बायकोला म्हणाले. "मला झोपेत कळत नाही."

ओकसॉनबाई आधी लाजल्या. मग सांगू लागल्या, आणि एकदा सांगू लागल्यावर थांबेनात. रात्री कूस बदलता येत नाही. पाणी पिताना ठसका लागतो. दाराच्या उंबऱ्याशी पाय चिकटतात, मोकळ्या अंगणात नाही. जेवणाबरोबर घेतली तर गोळी लागू पडायला उशीर लागतो, रिकाम्या पोटी लवकर. मास्तर लिहिता लिहिता वर बघत राहिले. हे सगळं त्यांच्याच अंगात घडत होतं आणि त्यातलं निम्मं त्यांना आज समजत होतं.

"आणि तुझा खांदा," ते म्हणाले.

"माझा कशाला? पेशंट तुम्ही."

"लिहा बाबा," हेरिम म्हणाली.

त्यांनी लिहिलं. शेवटी काढा आला. "एका नातेवाइकानं दिलेला," त्यांनी वाचून दाखवलं.

"नातेवाईक?" मालसुन उसळली. "सख्खी बहीण मी! बहीण म्हण. आणि त्यात काय काय घातलंय ते विचारून घे माझ्याकडून, अर्धवट नको." ती एकेक मुळी सांगत गेली आणि मास्तर मोहरीएवढ्या अक्षरांत ते टिपत गेले.

पत्र चांगलं झालं की नाही, त्यांना कळेना. शेवटच्या ओळी भिंगातून वाचाव्या लागतील अशा होत्या. ऋतूचा उल्लेख नव्हता, ऋणाचा नव्हता, अशा पत्रासाठी त्यांनी विद्यार्थ्याला नापास केलं असतं. पुन्हा लिहावं का? त्यांचं मन कोऱ्या कागदाकडे धावलं. ओकसॉनबाईंनी ते ओळखलं आणि कोरे कागद उचलून स्वयंपाकघरात नेले.

"तिचं उत्तर येईपर्यंत मी खिडकीचं नाव काढत नाही," मानसू म्हणाला. "पण आलं नाही तर?"

"पुढच्या आठवड्यात नंबर आहेच," दोंगशिक म्हणाला. "गोळी रोजच्या वेळेला घेऊन जाऊ. जसे असतील तसे. आणि मी बाहेर बसेन. आई आत जाईल."

ओकसॉनबाईंनी आतून विचारलं, "मी? मी काय बोलू तिथं?"

"आत्ता बोललीस तेच."

टपालपेटी पोस्टाच्या बंद दारापाशी होती, गल्लीच्या टोकाला. दोंगशिक पाकीट टाकून यायला उठला, पण मास्तर चपला घालायला बसलेही होते. या वेळेला ते कधी बाहेर पडत नसत. गाव त्यांना फक्त गोळीच्या भरात बघत आलं होतं.

"मी येतो," मानसू म्हणाला.

उंबऱ्याशी पाय चिकटले. मानसू गोंधळला, ओढू लागला.

"ओढू नकोस. मोज."

"काय मोजू?"

"एक, दोन."

मानसूनं मोजलं, आधी हळू, मग लग्नाच्या बँडला ताल द्यावा तसं. पाय सुटले. गल्लीत सणाचे कपडे घातलेली माणसं कबरींच्या दर्शनाला निघाली होती. दोन म्हातारे भाऊ तोकडी पावलं टाकत, मोजत चालले होते, आणि लोक बघत होते. मास्तरांचे कान तापले. पण पाय चालू होते.

धान्याच्या दुकानाचा मालक ऊ समोरून आला आणि अदबीनं वाकला. "मास्तर! सणाच्या शुभेच्छा. प्रकृती बरी ना?"

'आपल्या कृपेनं' हे दोन शब्द त्यांच्या जिभेवर तयारच होते. ते त्यांनी गिळले, आणि गिळायलाही जरा वेळ लागला.

"नाही हो. बरी नाही. पाय उचलत नाहीत."

ऊ वाकलेला तसाच राहिला. या प्रश्नाला असं उत्तर त्याला कुणी दिलं नसावं. मग तो सरळ झाला, इकडेतिकडे बघून जवळ आला आणि हळूच म्हणाला, "माझी साखर वाढलीय, मास्तर. घरी बोललो नाही अजून."

"डॉक्टरांना?"

"त्यांना तर मुळीच नाही."

"सांगा," मास्तर म्हणाले. "लिहून सांगितलं तरी चालतं."

तो गेल्यावर मानसू हसायला लागला. "दादा, तू तर साथ पसरवतोयस."

"मोज," मास्तर म्हणाले, पण तेही हसत होते.

पेटीपाशी पोचल्यावर पाकीट फटीशी नेताना हात थरथरला. कडा लोखंडावर टकटक आपटू लागली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मानसूनं घ्यायला हात पुढे केला, मग मागे घेऊन पाठीशी बांधला आणि उभा राहिला. घाई नव्हती. पुष्कळ वेळानं कडा फटीत शिरली आणि मास्तरांनी बोटं सोडली. पेटी रिकामी असावी. पत्र तळाला पडल्याचा आवाज दोघांनाही ऐकू आला.